'सिग्निफिकंट' म्हणजे महत्त्वाचे का?

इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'सिग्निफिकंट' हे विशेषण काढून पाहा. महत्त्वाचा, अर्थपूर्ण, सूचक, लक्षणीय असे अर्थ सापडतील. इंग्रजीच्या तासाला प्रसंग पाहून यांपैकी कोणताही चालतो. सिग्निफिकंट शोध म्हणजे महत्त्वाचा शोध. सिग्निफिकंट कटाक्ष म्हणजे सूचक कटाक्ष. विज्ञानाच्या तासाला मात्र 'महत्त्वाचा' हा अर्थ सरसकट घेतला की घोटाळा होतो.

शब्दाचे मूळ लॅटिन आहे. 'सिग्नम' म्हणजे खूण. खुणेने जे काही सांगते ते सिग्निफिकंट. 'महत्त्व' हा अर्थ नंतर चिकटला. विज्ञानाने जुना अर्थच अधिक जपला आहे.

सार्थ अंकांचेच उदाहरण घ्या. इंग्रजीत त्यांना 'सिग्निफिकंट फिगर्स' म्हणतात. समजा, एका औषधाची मात्रा ०.००५ ग्रॅम आहे. यात सार्थ अंक किती? एकच, ५. मग ती शून्ये बिनमहत्त्वाची का? ती पुसून टाका. मात्रा ५ ग्रॅम होईल, म्हणजे हजारपट! शून्ये महत्त्वाची आहेत, पण सार्थ नाहीत. ती केवळ दशांशस्थान दाखवितात. मापनाने कळलेली माहिती ५ या अंकात आहे. उलट ५.२० सेंटिमीटर यातील शेवटचे शून्य सार्थ आहे, कारण शतांश सेंटिमीटरपर्यंत मोजले असे ते सांगते. वहीची लांबी २०.३ आणि रुंदी १५.७ सेंटिमीटर असेल, तर गुणाकार ३१८.७१ येतो. तो ३१९ चौरस सेंटिमीटर असाच लिहावा. पुढचे अंक पट्टीने दिलेले नाहीत, ते गुणाकाराने दिले आहेत. गणकयंत्रावर दिसणारे सगळे आकडे उतरवून काढण्याची सवय म्हणूनच वाईट.

संख्याशास्त्रात हा शब्द आणखी फसवा आहे. इंग्लंडमधील संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात चहाचा एक प्रयोग वर्णिला आहे. कपात आधी दूध घातले की चहा, हे चवीवरून ओळखता येते असा एका बाईंचा दावा. आठ कप करावयाचे, चारांत दूध आधी. बाईंनी ते चार निवडावयाचे. आठांतून चार निवडण्याचे प्रकार ७०. त्यांतील एकच पूर्ण बरोबर. निव्वळ अंदाजाने चारही जमण्याची शक्यता ७० त १, म्हणजे सुमारे १.४ टक्के. फिशर यांनी रूढ केलेल्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत हे बसते. म्हणून असा निष्कर्ष 'सिग्निफिकंट'. चारांपैकी तीनच जमले तर? अंदाजाने तीन किंवा अधिक जमण्याचे प्रकार ७० पैकी १७, म्हणजे सुमारे २४ टक्के. हा योगायोग सहज घडू शकतो.

आधी दूध की आधी चहा, यात जगाचे काही अडलेले नाही, हे मात्र लक्षात घ्या. येथे 'सिग्निफिकंट' याचा अर्थ इतकाच की, केवळ योगायोगाने असे क्वचितच घडले असते.

आता समजा, एक लाख लोकांवर केलेल्या चाचणीत नव्या गोळीने रक्तदाब सरासरी अर्धा मिलिमीटरच उतरला. एवढ्या मोठ्या संख्येमुळे हा फरक 'सिग्निफिकंट' ठरू शकेल. डॉक्टरांच्या लेखी तो नगण्यच. बातमीत मात्र 'महत्त्वपूर्ण घट' असे छापून येईल! ही मर्यादा फरकाचा आकार किंवा महत्त्व मोजत नाही, असे अमेरिकेच्या संख्याशास्त्र संस्थेला २०१६ साली निवेदन काढून सांगावे लागले. उलटही घडते. दहाच रोग्यांवर तपासलेले चांगले औषध 'सिग्निफिकंट' ठरणार नाही, म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही.

शिक्षकांना वर्गात हा प्रयोग माठाच्या व नळाच्या पाण्यावर करता येईल. पेले एकसारखे हवेत, पाणी सारखेच गार हवे आणि पेल्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. ओळखणाऱ्याने ठरविला तर ७० हा आकडाच खोटा पडेल.