*आरोग्य पाठ : जमिनीवरून उठता येणं*



आपल्या सत्संगात पूर्वी मागे भिंतीला लागून चारच खुर्च्या असायच्या. आता दोन रांगा लागतात. यात कमीपणा काही नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्चीच घ्यावी. पण काही जण केवळ सवय मोडली म्हणून खाली बसत नाहीत. आजचा पाठ मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

*उठण्या-बसण्यातून काय कळतं?*
ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वर्षांच्या २,००२ जणांना डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, जमिनीवर बसा आणि उठा. बसण्याचे ५ गुण, उठण्याचे ५. हात किंवा गुडघा टेकला की १ गुण वजा, तोल डळमळला की अर्धा. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या काही वर्षांत ० ते ३ गुणवाल्यांना मृत्यूचा धोका ८ ते १० गुणवाल्यांपेक्षा पाचपटीहून जास्त दिसला.

म्हणजे नुसती मांडी घातली की आयुष्य वाढतं, असं नाही हं! पायांची ताकद, तोल, सांध्यांचा लवचिकपणा आणि वजन, या चारही गोष्टींची परीक्षा त्या एका उठण्यात होते.

*आपलं काय सुटलं?*
पाटावर जेवण, खाली बसून भाजी निवडणं, उकिडवं बसून केर-पोतेरं. दिवसातून कितीदा तरी उठबस व्हायची, वेगळा व्यायाम लागत नव्हता. आता ओटा, डायनिंग टेबल, कमोड. वय वाढतं तसे स्नायू घटतातच, वापर नसला तर आणखी लवकर घटतात. मग पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं आणि स्वतःचं स्वतः न्हाणीघरात जाणंही परस्वाधीन होतं. नुसती वर्षं वाढून काय उपयोग? ती आपल्या पायांवर जगता आली पाहिजेत.

*रोज काय करायचं?*
१) भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून हात न लावता ५ वेळा उठा-बसा. हळूहळू १० वेळा करा. चाकाची खुर्ची नको.
२) ते जमलं की बुटकं स्टूल, मग पाट, मग सतरंजी. सुरुवातीला जवळ कुणीतरी असू द्या.
३) दूध तापेपर्यंत ओट्याला बोट लावून एका पायावर १० सेकंद उभं राहा, मग दुसऱ्या पायावर.
४) जेवणानंतर १०-१५ मिनिटं शतपावली. पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतर ती फार चढत नाही.
५) स्नायूंना प्रथिनंही हवीत. नुसत्या पोह्यांवर सकाळ भागवू नका. मोडाची उसळ, दही, दाट वरण रोज पोटात जाऊ द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

जागतिक आरोग्य संघटनाही ६५ वर्षांपुढच्यांना तोलाचे व ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करायला सांगते.

*सूचना :* गुडघा किंवा खुबा बदललेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी आणि हाडं ठिसूळ असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय खाली बसण्याचा हट्ट करू नये. खुर्चीवरूनही सेवा तितकीच होते.

*या आठवड्याचा अभ्यास :* रोज एक जेवण किंवा निदान भाजी निवडणं खाली बसून करा. घरातल्या मुलांनाही सोबत बसवा. त्यांचीही सवय सुटत चालली आहे.