पानिपतचे देणे-घेणे

दारुण पराभवाला मराठीत ‘पानिपत’ हा एकच शब्द पुरतो. क्रिकेटचा सामना हरून आलेला मुलगादेखील ‘आमचे पानिपत झाले’ असे सहज म्हणून जातो. १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाने आपल्या भाषेत असे कायमचे घर केले आहे. ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार या भागांतील कित्येक मराठी घराण्यांचे पूर्वज शिंदे, होळकर, पवार यांच्या फौजांबरोबरच इकडे आले. त्यामुळे आपल्याकडे पानिपत ही घरचीच गोष्ट. ते दुःख आठवावे, त्यात गैर काही नाही. त्याची वसुली कोणाकडून करावयाची, हा हिशेब सुरू झाला म्हणजे मात्र घोटाळा होतो.

वर्गात अब्दालीचे नाव निघाले की पाचदहा मुलांचे डोळे हळूच माझ्याकडे वळतात. माझे नाव मुसलमानी, एवढेच त्याचे कारण. मी रागावत नाही. फळ्यावर दोन रकाने आखतो आणि कोण कोणाच्या बाजूने होता ते मुलांनाच भरावयास सांगतो. मराठ्यांच्या रकान्यात गारद्यांचा सरदार इब्राहिमखान येतो. तो अखेरपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला. बाजीराव-मस्तानीचा पुत्र समशेरबहाद्दर त्याच रकान्यात. तो लढाईत झालेल्या जखमांनी गेला. पलीकडे अब्दाली, नजीबखान आणि अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला. पण शुजाच्याच पदरी अनूपगीर गोसावी आपल्या नागा गोसाव्यांसह होता, आणि काशीराज पंडित हा महाराष्ट्रीय ब्राह्मणही होता. या काशीराजाने फारसीत लिहून ठेवलेली हकीकत हे पानिपतच्या अभ्यासाचे एक मोठे साधन. विश्वासरावांच्या देहाला रीतीप्रमाणे अग्नी मिळावा म्हणून अब्दालीजवळ रदबदली केली ती शुजानेच. आता या रकान्यांवरून आजच्या कोणत्या मोहल्ल्याच्या नावे खतावणी करावी?

सूड त्या काळी उगवला गेलाच. १७७२ साली मराठ्यांनी बादशहा शाहआलमला बरोबर घेऊन नजीबाचा मुलगा झाबेताखान याच्यावर स्वारी केली. पथ्थरगड लुटला, त्याची बायकामुले धरली, नजीबाच्या कबरीचीही मोडतोड केली. महादजी शिंदे त्या मोहिमेत होते. खाते मिटले असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. सोळा वर्षांनी, १७८८ साली, झाबेताचा मुलगा गुलाम कादिर दिल्लीच्या किल्ल्यात शिरला आणि त्याने त्याच शाहआलमचे डोळे काढले. पैशाचा लोभ होताच. त्याला घराण्याच्या मानहानीचा सल येऊन मिळाला.

पानिपतचा राग धरण्याचा अधिकार कोणाला असेल, तर तो महादजींना. भाऊ दत्ताजी आदल्या वर्षी बुराडी घाटावर पडला होता, पुतण्या जनकोजी पानिपतनंतर मारला गेला, आणि स्वतः महादजी पायावरच्या घावाने जन्माचे अधू झाले. पण त्या पळापळीत त्यांना वाचविले ते राणेखान नावाच्या एका भिश्त्याने. महादजींनी त्याला भाऊ मानले, सरदारकी दिली. बीडचे सूफी मन्सूरशाह यांना तर ते गुरुस्थानी मानीत. १७८८ मध्ये गुलाम कादिराच्या हातून दिल्ली सोडविण्यास आणि त्याचा पाठलाग करण्यास महादजींची जी फौज गेली, तिचा सेनापती हाच राणेखान होता.