टीमला कॉन्फरन्सला नेताय? मग हे वाचा

डिझाइन टीमला टेक कॉन्फरन्सला न्यायचं म्हणजे तिकीट, हॉटेल आणि वर चार दिवस काम बंद. मग तिथे बघायचं काय?

अमेरिकेत ऑस्टिनला ‘साउथ बाय साउथवेस्ट’ भरतं. १९८७ साली संगीतासाठी सुरू झालं, पुढे त्यात इंटरॅक्टिव्ह विभाग आला. २००७ मध्ये ट्विटरची छोटी टीम तिथे गेली. स्टॉलच्या भानगडीत न पडता त्यांनी लोक घुटमळतात त्या पॅसेजमध्ये मोठे स्क्रीन लावले. आलेल्यांचेच मेसेज त्यावर झळकायचे! रोजचे सुमारे २०,००० मेसेज ६०,००० वर गेले.

म्हणून सगळ्यांना एकाच सेशनला बसवू नका. बरीच भाषणं नंतर यूट्यूबवर मिळतात. एकाला तरी पॅसेजमध्ये उभं करा. लोक कुठे थांबतात, मोबाइल कशासाठी काढतात, ते वहीत लिहून आणायला सांगा. परत आल्यावर पहिल्याच सोमवारी ती वही उघडा.