चाळीसगावच्या फलाटावरील एक तास : उत्स्फूर्त नाट्याचा एक पाठ

नाट्यवर्ग म्हटला की स्नेहसंमेलन डोळ्यांपुढे येते. मुले संवाद पाठ करतात, शिक्षक जागा आखून देतात, पालक टाळ्या वाजवतात. त्याचे मोल आहेच. परंतु उत्स्फूर्त नाट्य ही याहून निराळी विद्या आहे. तिच्यात संहिता नसते. प्रसंग व भूमिका ठरवून दिल्या जातात आणि पुढचे बोलणे ज्याचे त्याने त्या क्षणी शोधायचे असते. ही विद्या आपल्याला परकी नाही. तमाशातील बतावणी आणि सोंगाड्याचा हजरजबाबीपणा ही तिचीच रूपे होत. भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलशांतून लोकरंजनाची हीच साधने समाजजागृतीच्या कामी लावली.

प्रस्तुत लेखात खान्देशातच घडलेल्या एका प्रसंगावर आधारलेला पाठ बालक, किशोर व प्रौढ अशा तीन वर्गांसाठी मांडला आहे.

प्रसंग

सन १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खान्देशात आले होते. धुळे मार्गावरील एका गावातील सामाजिक बहिष्काराची चौकशी करून ते रेल्वेने चाळीसगावला परतले. समाजबांधव त्यांना मुक्कामासाठी महारवाड्यात नेण्यास स्टेशनवर थांबले होते. वस्ती सुमारे दोन मैलांवर होती आणि भाड्याचे टांगेही पुष्कळ होते. तरीही निघण्याची हालचाल दिसेना. तासाभराने एक टांगा आला. थोड्याच अंतरावर मोटारीशी होणारी टक्कर कशीबशी टळली. पुढे नदीच्या फरशीवर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि घोडा टांग्यासह नदीत कोसळला. त्यांच्या पायाचे हाड मोडले.

उलगडा नंतर झाला. अस्पृश्य प्रवाशाचा टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते, तर बाबासाहेबांनी पायी यावे हे समाजबांधवांना सहन होत नव्हते. म्हणून तडजोड ठरली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मात्र तुम्ही आणा. तेव्हा टांगा हाकणे ज्याला ठाऊक नव्हते, अशा एकाने लगाम हाती घेतला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात बाबासाहेबांनी ही हकीकत सांगितली आहे. मात्र त्या तासाभरात कोण कोणाशी कोणत्या शब्दांत बोलले, हे तीत आलेले नाही. आपला पाठ नेमका तेथून सुरू होतो.

बालकांसाठी

लहानांना आरंभी जातीचा प्रश्न सांगू नये. दोघांची जोडी करावी. पुढचा घोडा होऊन डोळे मिटेल आणि मागचा सैल दोरीने त्याला वर्गात फिरवील. मग अदलाबदल करावी. लगाम धरणे हेही कौशल्य आहे, हे मुलांना हातांनीच कळते. त्यानंतर कारण न कळता ताटकळणारा प्रवासी प्रत्येकाने शब्दांवाचून दाखवावा.

किशोरांसाठी

टांगेवाले, समाजबांधव आणि लगाम घेणारा असे तीन गट करावेत. दहा मिनिटे बोलणी चालू द्यावीत. मग शिक्षकाने ‘थांबा’ म्हणून एकेकाला प्रश्न विचारावा : टांगेवाल्या, तुला भीती कोणाची वाटते, प्रवाशाची की शेजारच्या टांगेवाल्याची? पुढे प्रेक्षकांतील विद्यार्थ्याने एकाची जागा घेऊन निराळे वाक्य बोलून पाहावे. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल यांनी हीच रीत ‘फोरम थिएटर’ या नावाने रुजवली. बरोबर उत्तर शिक्षकाने सांगू नये. शेवटी बाबासाहेबांचे स्वतःचे निरीक्षण वाचून दाखवावे : प्रवाशाच्या प्रतिष्ठेहून त्याची सुरक्षितता मोठी, याचा आपल्या माणसांना विसर पडला होता.

प्रौढांसाठी

पालक व माजी विद्यार्थ्यांनी प्रसंग आजच्या काळात आणावा. जळगावात किंवा धुळ्यात भाड्याची खोली पाहायला एक कुटुंब गेले आहे. खोली पसंत पडते, भाडेही ठरते, आणि घरमालक सहज विचारतो, ‘आडनाव काय म्हणालात?’ पुढचे बोलणे लिहून देऊ नये. घरमालक ‘नाही’ म्हणत नाही. ‘घरी विचारून कळवतो’ म्हणतो. चाळीसगावलाही टांगा नाकारला नव्हता, फक्त हाकणारा नाकारला होता. सौम्य शब्दांतला नकार ओळखणे आणि त्याला शांतपणे पण स्पष्ट उत्तर देणे, हा प्रौढांचा अभ्यास आहे.

पाळावयाचे नियम

भूमिका फिरत्या असाव्यात. जन्म, वर्ण वा शरीरयष्टी पाहून कोणतीही भूमिका कोणाच्या माथी मारू नये. स्वतःवरील अपमान सांगण्याची सक्ती कोणावरही नसावी. अहिराणी, लेवा गणबोली वा पावरी, जी घरची बोली असेल तीत बोलू द्यावे; प्रमाण मराठीच्या धास्तीने गप्प बसणारे मूल आपल्या बोलीत मोकळे होते. प्रसंग संपल्यावर प्रत्येकाने स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारून भूमिका उतरवावी आणि दोन मिनिटे श्वासाकडे लक्ष देत शांत बसावे. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या मुलांसाठी हा नियम विशेष महत्त्वाचा आहे, कारण वर्गातले भांडण रात्री खोलीत जाता कामा नये.

सम्यक वाचा म्हणजे केवळ गोड बोलणे नव्हे. सत्य आणि हितकर असे वचन योग्य वेळी बोलणे, हे तिचे मर्म आहे. चाळीसगावच्या त्या माणसाच्या मनात बाबासाहेबांविषयी आदरच होता. काम सोपे वाटून त्याने लगाम घेतला आणि जबाबदारीची जाणीव होताच तो गांगरला. ‘मला हे जमत नाही, आपण खाली उतरून चालू या’, एवढे वाक्य त्याच्या ओठी आले असते, तर अपघात टळला असता. असे वाक्य ऐन वेळी सुचावे यासाठी आधी सराव लागतो. तो सराव देणारी जागा म्हणजे नाट्यवर्ग. त्यातून एकही नट घडला नाही, तरी वर्ग सार्थकी लागला असे समजावे.