एका विनंतीत अनेक बदल

अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने संगणकावर लेख लिहावा, हे काहींना आगंतुकपणाचे वाटेल; पण उन्हाळी सुटीत एका जाहिरात-कार्यालयात जे चुकतमाकत शिकले, तेच येथे मांडते आहे.

काम एका मसालेवाल्यांच्या जाहिरातींचे होते. गुगलवर आधी अंदाजपत्रक, मग मोहीम, मोहिमेत जाहिरात-गट, आणि गटात शोधशब्द व जाहिराती, अशी उतरंड असते. हे सारे हाताने न भरता 'गुगल ॲड्स एपीआय'मार्फत, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमने त्यांच्या यंत्रणेला विनंती धाडून, करता येते. मी प्रत्येक पायरीची विनंती वेगळी पाठवली. पहिल्या दोन मंजूर, तिसरी नामंजूर. पुन्हा पाठवले, तर त्या नावाची मोहीम आधीच आहे म्हणून दुसरीही नामंजूर. अर्धवट बांधकाम मात्र खात्यात तसेच उभे!

यावर उपाय म्हणजे निरनिराळ्या प्रकारचे सारे बदल एकाच 'म्युटेट' विनंतीत घालणे. तीत १०,००० पर्यंत क्रिया मावतात. पण मोहीम अजून जन्मलीच नाही, तर गटाने तिचा क्रमांक कोठून आणावा? त्यासाठी उणे १, उणे २ असे तात्पुरते क्रमांक द्यायचे. मराठीच्या तासाचे सर्वनाम आठवावे: नाम आधी, सर्वनाम मागून. उणे २ ला जन्म देणारी क्रिया आधी हवी. तोच क्रमांक दुसऱ्या प्रकारच्या वस्तूलाही चालत नाही, आणि विनंतीबरोबर तो विसरला जातो. एक क्रिया चुकली की सगळ्याच रद्द. हा कडकपणा मला आवडला. चुकलेल्या वगळून बाकीच्या क्रिया करून घेण्याची सवलत आहे खरी. शंभर स्वतंत्र शोधशब्दांचे दर बदलताना ती उपयोगी, पण एकमेकांवर उभ्या असलेल्या वस्तूंच्या बाबतीत पुन्हा तेच अर्धवट बांधकाम.

प्रत्यक्ष बदल न करता 'केवळ तपासणी' करवून घेता येते. मी ती केली. एकही चूक निघाली नाही. आता रक्कम रुपयाच्या दशलक्षांश भागात लिहायची असते, म्हणजे रोजच्या ५०० रुपयांसाठी ५० कोटी. माझ्या हातून एक शून्य अधिक पडले होते. रोज ५,००० रुपये ही यंत्राच्या लेखी रास्तच मागणी! मोहीम थांबवलेल्या अवस्थेत निर्माण केली होती, म्हणून सुरू करण्याआधी कार्यालयातल्या ताईंची नजर आकड्यावर गेली.

"अगं, त्यांचे महिन्याचे पैसे तू तीन दिवसांत संपवले असतेस," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी रुपयेच लिहिते. दहा लाखांनी गुणण्याचे काम प्रोग्रॅमकडे.