आजीचा कठडा

कयाधू नदीच्या काठी वसलेले नरसी हे आमचे गाव. संत नामदेवांचा जन्म 1270 साली येथे झाला, अशी परंपरा आहे. म्हणून सारे लोक गावाला 'नरसी नामदेव' म्हणतात. आमच्याकडील जमीन काळी व कसदार, पण मोठी लहरी! पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात वाळून तिला भेगा पडतात. अशा चिखलात बसणार कोठे? म्हणून बाबांनी घरामागच्या बागेत, दगडी पायावर लाकडी तुळया ठेवून, सागवानी फळ्यांचा एक ओटा बांधून घेतला होता. पाच पायऱ्या चढून वर गेले की शेजारीच मोगऱ्याचा ताटवा. रोज सायंकाळी आजी तेथे जपमाळ घेऊन बसत असे.

एका पावसाळी सायंकाळी ओल्या पायरीवरून आजीचा पाय घसरला. धरावयास जवळ काहीच नव्हते. सुदैवाने हाड मोडले नाही; मनगट तेवढे मुरगळले. ते पंधरा दिवसांत बरेही झाले. परंतु मनात बसलेली भीती काही निघेना. "आजी, बागेत चल ना," असे मी म्हटले, की ती म्हणे, "आता मला काय करायचंय बागेत?" मोगरा फुलत होता, पण ओटा रिकामाच असे.

अखेर बाबांनी सुतारमामांना बोलावले. ओट्याला आणि पायऱ्यांना कठडा बसवावयाचा होता. मी म्हणाले, "मामा, चार खांब खिळ्यांनी ठोकले की झाले. आजच होईल ना?"

मामा हसले. त्यांनी एक खांब फळीवर उभा करून चार खिळ्यांनी ठोकला आणि म्हणाले, "आता याला वरून ढकल." मी जोर लावताच खिळे करकरले आणि खांब कलला!

"पोरी, पहारीने मोठा दगड कसा हलतो, ते तू पाहिले आहेस ना? दांडा लांब असला की थोड्या जोराचा मोठा जोर होतो. कठड्याचा खांब हीदेखील एक पहारच आहे. माणूस वर रेलतो आणि ताण मात्र बुडाशी येतो."

मग त्यांनी मला हिशेब करून दाखविला. खांब ओट्याच्या कडेच्या तुळईला बाहेरून दोन बोल्टांनी जोडला आहे, आणि ते बोल्ट एकमेकांच्या वर-खाली 10 सेंटिमीटर अंतरावर आहेत, असे समजा. खालच्या बोल्टापासून 1 मीटर उंचीवर कोणी 50 किलो वजनाइतक्या जोराने खांब बाहेर ढकलला, तर वरच्या बोल्टावर 500 किलो वजनाइतका ताण येतो. तेच बोल्ट 20 सेंटिमीटर अंतरावर बसविले, तर ताण निम्म्यावर, म्हणजे 250 वर येतो. मी थक्क झाले. कठड्याचे सारे बळ त्याच्या दडलेल्या सांध्यात असते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. मामांनी गिरमिटाने तुळईत आरपार भोके पाडली व वायसर घालून बोल्ट आवळले. प्रत्येक खांब ओळंब्याने तपासला. पायऱ्यांच्या तळाशी दोन खांब जमिनीत रोवावयाचे होते. तेथे काळ्या मातीवर त्यांनी विश्वास ठेवला नाही. माती फुगली की खांब हलणार! म्हणून खाली कठीण मुरूम लागेपर्यंत खड्डे खणून त्यांत काँक्रीट भरले. काँक्रीटचा माथा जमिनीच्या किंचित वर ठेवून त्याला उतार दिला. खांबाच्या बुडाशी पाणी साचले, तर लाकूड कुजते.

खांबांच्या मध्ये उभ्या पट्ट्या बसविताना माझ्याकडेही काम आले. 10 सेंटिमीटर रुंदीचा एक ठोकळा मामांनी माझ्या हाती दिला. दोन पट्ट्यांमध्ये तो घट्ट बसला पाहिजे; त्याहून फट मोठी ठेवावयाची नाही. लहान मुलाचे डोके त्या फटीत अडकू नये, म्हणून ही काळजी. "पट्ट्या आडव्या का नाहीत?" असे मी विचारले. मामा म्हणाले, "आडव्या असल्या, तर तुझा धाकटा भाऊ त्यांची शिडी करील!"

हातात धरावयाचा दांडा त्यांनी रंध्याने गोल व गुळगुळीत केला. बोटांना तो सहज वेढता आला पाहिजे. मात्र तो शेवटच्या पायरीपाशी न थांबता हातभर पुढे गेलेला पाहून मी म्हणाले, "मामा, दांडा लांब झाला."

"झाला नाही, ठेवला आहे," मामा म्हणाले. "तुझ्या आजीला संध्याकाळी नीट दिसत नाही. दांडा उतरता आहे तोवर पायऱ्या आहेत, आणि तो सपाट झाला की पायऱ्या संपल्या. हे तिच्या हाताला कळले पाहिजे."

काम संपले, तेव्हा मामा एकेका खांबाशी उभे राहून अंगाचा सारा भार टाकून रेलले. मग मलाही रेलावयास सांगितले. एकही खांब जागचा हलला नाही.

त्या सायंकाळी मी आजीचा हात दांड्यावर ठेवला. ती पहिल्या पायरीशीच थांबली.

"घट्ट आहे ना गं?"

"आजी, मामांच्या मागोमाग मीही रेलून पाहिले आहे," मी म्हणाले.

आजीने पाऊल उचलले.

स्वाध्याय

1. मनगट बरे झाल्यावरही आजी बागेत का जात नव्हती?
2. सुतारमामांनी कठड्याच्या खांबाला 'पहार' का म्हटले?
3. काळ्या मातीत खांब रोवताना कोणती काळजी घ्यावी लागते? का?
4. तुमच्या शाळेतील किंवा गावातील एखादा कठडा नीट पाहा. त्याची उंची व पट्ट्यांमधील अंतर मोजून पाच-सहा ओळींत लिहा.