मंद दक्षिण वारा
(शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें २७:९-१७)

आमच्या खेड्यांतील पुष्कळ बंधुभगिनींनीं समुद्र पाहिलेला नाहीं. म्हणून हा पाठ शिकविण्यापूर्वीं त्या दिवसाचा प्रकार नीट समजून घेऊं या.

बंदिवान पौलाला रोमाकडे नेणारें तारूं आलेक्सांद्रियाचें होतें. त्यांत गहूं भरलेला असून २७६ माणसें होतीं. तें क्रेत बेटाच्या दक्षिण किनाऱ्यास 'सुंदर बंदर' येथें थांबलें. प्रायश्चित्ताचा उपास होऊन गेला होता. म्हणजे आपल्याकडील आश्विनाचा सुमार. त्या समुद्रांत शिडाच्या तारवांस तो काळ धोक्याचा. पुढें जाऊं नये, असें पौलानें सांगितलें. परंतु शताधिपतीनें तांडेल व मालक यांचें ऐकिलें आणि बहुमतही तसेंच पडलें. हिवाळ्यास अधिक सोयीचें फेनिके बंदर सुमारें ४० मैलांवरच होतें.

इतक्यांत मंद दक्षिण वारा सुटला. आपला हेतु साधला असें समजून त्यांनीं नांगर उचलला व किनाऱ्याच्या कडेकडेनें तारूं हांकारलें. पण त्या किनाऱ्यामागें उंच डोंगर आहेत. त्यांतील इदा पर्वत २४५६ मीटर उंच आहे. शिडनौका चालविणारे स्कॉटलंडचे विद्वान जेम्स स्मिथ यांनीं ह्या प्रवासावर १८४८ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथें दक्षिणेचा सौम्य वारा एकाएकीं पालटून उत्तरेचा तुफानी वारा सुटतो, असें त्यांनीं दाखविलें आहे. त्या दिवशीं तसेंच झालें. वाऱ्यास तोंड देतां येईना. तारूं समुद्रांत वाहवत चाललें.

क्लौदा बेटाच्या आडोशास थोडी उसंत मिळाली. तेवढ्यांत त्यांनीं मागून ओढत आणलेली होडी वर घेतली, फळ्या उकलूं नयेत म्हणून तारवास खालून दोर आवळले, आणि आफ्रिकेच्या वाळूंत रुतूं नये म्हणून शिडाचें सामान उतरविलें. पुढें मेलितेच्या किनाऱ्यावर तारूं फुटलें, गहूं गेला. जीव मात्र सर्वांचे वांचले.

ह्यांतून आम्हीं काय घ्यावें? पहिल्या सरीवर घाईनें पेरणारा शेतकरी पुढें उघडीप पडली म्हणजे बीं गमावतो. सर खोटी नसते. तिच्यावरून त्यानें काढलेलें अनुमान खोटें असतें. आरंभ सोपा झाला, एवढ्यावरून मार्ग योग्य ठरत नाहीं. तसेंच, संकटांत घटकाभर आडोसा मिळाला तर विलापांत न घालवितां हातचें काम उरकावें.

शिक्षकांसाठीं प्रश्न :
१. शताधिपतीनें कोणाचें ऐकिलें, व कां?
२. क्लौदाच्या आडोशास कोणतीं तीन कामें झालीं?
३. आपल्या मंडळींत बहुमतानें निर्णय होतो, तेव्हां कोणाचा इशारा ऐकावयाचा राहून जातो?